आपल्या रांगेत आपणच उभं राहायचं

अरे,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, मग जेवून भांडी घासून परत ऐकला. आधी वाटलं फोनच करावा, पण फोनवर तू नुसतं 'हो मावशी, हो मावशी' करशील आणि विषय संपेल. म्हणून टाइप करतेय. फोंड्यात पाऊस असा लागलाय की लाइट कधी जाईल सांगता येत नाही, मध्येच तुटलं तर समजून घे.

घरची आठवण, रविवारी खायला उठणारी खोली, आई फोनवर रडते, यावर मी काही बोलणार नाही. ते सगळ्यांचं होतं आणि आपोआप कमी होतं. मला खटकलं ते वेगळंच, जे तू जाता जाता सांगून टाकलंस. तुला तिथे पोर्तुगालात जुन्ताकडून, म्हणजे आपल्या पंचायतीसारख्या कचेरीकडून, राहत्या पत्त्याचा दाखला हवाय, त्यासाठी त्याच फ्रेगेझियातले, म्हणजे त्याच वॉर्डातले, मतदार असलेले दोन साक्षीदार लागतात, आणि लिस्बनला लागून असलेल्या ओदिवेलासमध्ये इतके महिने राहून तुला ओळखणारं एकही तिथलं माणूस नाही. मग फ्लॅटमधल्या पोरांनी एका एजंटाचा नंबर दिला, तो म्हणे साक्षीदारांसकट कागद हातात आणून देतो. त्याला ॲडव्हान्सही देऊन बसलायस आणि वर मला विचारतोस, घेऊ का.

नको घेऊ. एकाच पत्त्यावर शेकडो माणसं राहतात असं कागदोपत्री दाखवल्याच्या बातम्या तिथल्या पेपरात येत असतात, तसल्या यादीत तुझं नाव कशाला? पण मी नको म्हणते ते फक्त पकडला जाशील म्हणून नाही. मी नको म्हणते कारण साक्षीदारांची ती अट तुझ्याबद्दल अगदी खरं सांगतेय आणि तू ते पैसे देऊन झाकायला निघालायस. गेल्यापासून तू स्वतः काय केलंस सांग. निफ, म्हणजे टॅक्सचा नंबर, काढून दिला कंपनीच्या माणसाने, सिमकार्ड आणलं रूममेटने, निसचं, म्हणजे सोशल सिक्युरिटीच्या नंबराचं, काम एजंटाने केलं, खोली मिळाली ती कोणाच्या तरी चुलतभावाची सबलेट, काँट्रॅक्ट नाही आणि पावती नाही. तू कुठे उभा राहिलास? एकदा तरी सेन्या, म्हणजे रांगेच्या नंबराची चिठ्ठी, काढून बाकावर बसलास का?

आपल्याकडे हे लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे कचेरीत कोणीतरी असतंच. मामलेदार कचेरीत मामाचा मित्र, पंचायतीत शेजारचा, बँकेत वर्गातली मुलगी. जन्मल्यापासून ओळखीवर कामं होतात म्हणून आपल्याला वाटतं काम होणं महत्त्वाचं. परक्या गावात काम होणं दुय्यम असतं रे. तिथे ते काम करताना तुला चार माणसं बघतात, तू चार माणसं बघतोस, तेच कामाचं. म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात इतक्यांदा सांगणार आहे की तुला कंटाळा येईल: आपल्या रांगेत आपणच उभं राहायचं.

आता कसं ते सांगते, कारण नुसतं उभा राहा म्हटलं की तू उद्या दुपारी दोन वाजता जाशील आणि नंबर संपले म्हणून परत येशील. सरकारी कामाला दार उघडायच्या आधी जायचं. आत एक मशीन असतं, स्क्रीनवर कामांची यादी, प्रत्येक कामाला वेगळं अक्षर. घाईत पहिलंच बटण दाबलंस तर तासभर बसून काउंटरवर पोचशील आणि ती बाई शांतपणे सांगेल की हे अक्षर तुमचं नाही. म्हणून बटण दाबायच्या आधी मागच्या माणसाला विचार. मागे बहुतेक एखादी म्हातारी असते, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अख्खा जन्म घेऊन आलेली, तिला सगळी अक्षरं पाठ असतात. ती तुला सांगेल, मग तू कुठला विचारेल, मग तिचा भाऊ मोझांबिकमध्ये होता ते सांगेल. नंबर लागेपर्यंत तुझी पोर्तुगीज सुधारते, फुकट. काय बोलायचं ते वाक्य आधी कागदावर लिहून न्यायचं आणि तरी तोंडानेच बोलायचं, मोबाइलचं भाषांतर काउंटरवर पुढे करायचं नाही. काउंटरवरचे इंग्रजीत बोलायला लागले तरी आपण एक वाक्य त्यांच्या भाषेत टाकायचं, मग बाकीचं होऊ दे इंग्रजीत.

ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात म्हणून गरज पडत नाही म्हणालास, ते ऐकून मला खरंच राग आला. ऑफिस म्हणजे लिस्बन नाही. सुपरमार्केटमध्ये बिलाच्या वेळी ती मुलगी काहीतरी विचारते आणि तू नुसती मान हलवतोस ना, ती 'कोंत्रिब्युइंत?' विचारते, म्हणजे पावतीवर निफ टाकू का. नऊ आकडे आहेत, पोर्तुगीजमध्ये पाठ कर आणि रोज म्हण. टॅक्सला उपयोग होतो ते सोड, नऊ आकडे रोज कोणासमोर तरी मोठ्याने म्हटले की घसा मोकळा होतो. आणि सरकारचे पोर्तुगीज शिकवायचे मोफत वर्ग आहेत, 'लिंग्वा द आकोल्यिमेंतु' म्हणून, इयफप या सरकारी रोजगार-प्रशिक्षण संस्थेत आणि शाळांमधून चालतात, संध्याकाळचेही असतात. त्याचं नाव घालायला पण स्वतः जा.

मी लिस्बनला राहायचे तेव्हा माझे दोन साक्षीदार कुठून आले सांगू? एक मासेवाली आणि एक भांडकुदळ बाई.

बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. तिथे कपडे खिडकीबाहेर दोरीवर वाळत घालतात ना, मी आपल्या सवयीने चादरी नीट न पिळता टाकल्या आणि सगळं पाणी तिच्या इस्त्रीच्या शर्टांवर. ती वर आली, दार वाजवलं, आणि जे काय बोलली त्यातलं मला अक्षर कळलं नाही. तुझे काका आतून म्हणाले दार लाव. मी नाही लावलं. तिच्याबरोबर खाली गेले, शर्ट बघितले, घरी आणून परत धुतले, पिळून वाळवून इस्त्री करून नेऊन दिले. त्यानंतर तिने मला कुठल्या दिवशी कोणी कपडे घालायचे, कचरा कधी, जिन्याचं लाइटबिल कसं वाटतात, घरमालक खोटं कधी बोलतो ते सगळं शिकवलं. प्रेमाने नाही हं, ओरडूनच.

आणि मासेवाली बाजारातली. तू म्हणतोस तिथले मासे आपल्यासारखे नाहीत. तू कुठले बघितलेस, फ्रीजमधले पाकिटातले? मेर्कादोत जा. काव्हाला आपल्या बांगड्याच्या जातीचाच, सार्दिन्या म्हणजे आपले तारलेच समज, आणि स्वस्त. सोमवारी जाऊ नकोस, रविवारी बोटी जात नाहीत म्हणून ताजं नसतं. तिने पहिल्यांदा भाजायचा समजून नुसता पोटाला चिरा दिलेला अख्खा काव्हाला हातात दिला, मी हातानेच दाखवलं की तुकडे हवेत, डोकं टाकू नको, डोकं तर आधी पाहिजे. ती हसली आणि शेजारच्या गाळ्यावरच्याला ओरडून सांगितलं. पुढच्या वेळेपासून मी दिसले की सुरी हातात घ्यायची. मार्तिं मोनिझला, बेनफोर्मोझोच्या गल्लीत, कढीपत्ता, खोबरं, उकड्या तांदळाच्या जवळपासचं काहीतरी मिळतं, ते आण आणि त्या काव्हालाचं हुमण कर. पण आठवड्याची सगळी खरेदी तिथेच करून थेट मेट्रोने घरी, असं नको. तिथे तुला हिंदी बोलून भागतं, म्हणजे परत रांग टळली.

तर या दोघी माझ्याबरोबर जुन्तात आल्या. कार्ड दाखवून सह्या केल्या. मासेवालीच्या बोटांना वास येत होता म्हणून ती पेन रुमालात धरत होती.

तुझ्या आईने तुला सांगितलं असेलच की मी तिथे 'आपल्या लोकांत' मिसळत नव्हते. सगळं खरं नाही ते. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला मी असायची, सुपाऱ्या आणि ओला नारळ कुठून मिळवायचा ते मलाच माहीत होतं. गोवेकरांच्या कासा द गोवा या संस्थेच्या कार्यक्रमालाही गेलेय, लुमियारच्या राधाकृष्ण मंदिरात नवरात्रीला गरबा बघायला गेलेय, तिथले बहुतेक मोझांबिकहून आलेले गुजराती, फार आपुलकीने वागतात. पण कोणी म्हणालं की वहिनी तुम्हाला येतं तर माझ्या पोराचं तेवढं करून या, तर मी नाही म्हणायची. दिराच्या मुलालाही नाही म्हटलं. त्याला म्हटलं पत्ता सांगते, वाक्य लिहून देते, कुठलं अक्षर ते सांगते, पण काउंटरवर तू. तो गेला नाही. एजंट धरला, पैसे घालवले, शेवटी परत आला आणि आता कुडचडेला दुकान चालवतो. घरात लग्नकार्य असलं की अजून माझ्याकडे बघत नाही. लोक म्हणतात, एक दिवस गेली असती तर काय झालं असतं.

काय झालं असतं ते मला माहीत आहे, कारण तुझ्या काकांच्या बाबतीत मी ते रोज बघत होते. त्यांना पोर्तुगीज येत नाही, ते लाजतात, म्हणून सगळीकडे मी. बँक मी, दवाखान्याची नोंदणी मी, नळ गळला तर माणूस बोलवायला मी. ते कामावर जायचे आणि घरी यायचे. त्यांना त्या शहरात एकच रस्ता माहीत होता. हिवाळ्यात पाऊस, भिंतींना ओल, हीटर नाही, आपल्या जूनसारखी बुरशी पण वर थंडी, आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलणारं माझ्याशिवाय कोणी नाही. मग एक दिवस ते म्हणाले परत जाऊया आणि माझ्याकडे बोलायला काही राहिलं नाही. मला यायचं नव्हतं. आजही मला यायचं नव्हतं. त्यांना कोणी ढकलून रांगेत उभं केलं असतं तर कदाचित आम्ही अजून तिथेच असतो, पण नवऱ्याला ढकलणं आणि पुतण्याला ढकलणं यात फरक असतो, पुतण्याला ढकलता येतं. म्हणून ढकललं. मी चुकले असं मला कोणी पटवून दिलेलं नाही.

असो. तुला म्हणून ढकलतेय.

आणखी एक, भांडायला शिक. मला एका मोबाइल कंपनीच्या दुकानात इंटरनेट बंद करून देत नव्हते, दोन वर्षांचं बांधून घेतलंय म्हणायचे, माझी मुदत संपलेली होती आणि कागद माझ्या हातात होता. माझी पोर्तुगीज तेव्हा भाजीबाजारापुरती. मी एवढंच म्हटलं, लिव्रु द रेक्लामासोंइश द्या. तक्रारवही, लाल. प्रत्येक दुकानाला, हॉटेलला ठेवावीच लागते आणि मागितली की द्यावीच लागते, सरकारी कचेरीत तीच पिवळी. वही यायच्या आधी मॅनेजर आला आणि काम झालं. घरी आल्यावर हात थरथरत होते, पण दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाताना मला पहिल्यांदा वाटलं की हा माझा रस्ता आहे. मित्राने जाऊन करून दिलं असतं तर नसतं वाटलं. परत तेच सांगतेय ना मी? सांगणारच.

आणि जरा इथलंही बघ. तुमच्या घराचं काम करायला हुबळीकडचे मजूर होते, दीड वर्ष मागच्या शेडमध्ये राहिले, त्यांना रेशनच्या कागदाला सही हवी होती तेव्हा आपल्या वाड्यावर कोणी केली? 'भायले', बाहेरचे, म्हणून सगळे गप्प, त्यात मीही होते आणि तुझे बाबाही. त्यामुळे तिथे कोणी दार उघडलं नाही म्हणून शहराला शिव्या देताना जरा जपून.

तुझी आई तुपाची बरणी पार्सल करणार आहे, तिला थांबव. दूध, तूप, मांस असलं काही बाहेरून युरोपात चालत नाही, अडकेल. सोलं आणि मसाला पाठवायला सांग, भेट म्हणून लिहायचं आणि किंमत 45 युरोच्या आत. पार्सल घरी आलं आणि तू नसलास तर पोस्टमन दारात चिठ्ठी टाकतो, ती घेऊन पोस्टात जायचं. रूममेटला पाठवू नकोस.

आता या आठवड्यात काय करायचं ते. आधी जुन्तात जाऊन विचार की साक्षीदार सोडून आणखी कुठले कागद चालतात, प्रत्येक जुन्ताची यादी थोडी वेगळी असते. घरमालकाला काँट्रॅक्ट माग, नाही म्हणाला तर दुसरी खोली बघायला लाग, मेट्रोच्या पिवळ्या लाइनवरच बघ. खालच्या कॅफेत सकाळी कामावर जायच्या आधी काउंटरला उभा राहून बिका, म्हणजे तिथली छोटी कडक कॉफी, घे, टेबलावर बसू नकोस, काउंटरलाच बोलणं होतं. मालकाला तुझं नाव सांग. त्याला ते म्हणता येणार नाही, काहीतरी वाकडंच म्हणेल, म्हणू दे. मतदार असेल तर महिन्याभरात तोच तुझा एक साक्षीदार, दुसरा तू शोध.

एजंटाला दिलेला ॲडव्हान्स परत मागत बसू नकोस, मिळणार नाही. आणि कचेरीत काय झालं ते मला लिहून कळव, व्हॉइस मेसेज नको, तुझा आवाज ऐकला की मी मऊ पडते.

मावशी