अंडी घातल्यापासून अपिस्टोग्रामाची मादी नराला मारते आहे. नर बाहेर काढावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत अपिस्टोग्रामा काकाटुओइडीस या बुटक्या सिक्लिड माशाची (सिक्लिड म्हणजे हद्द राखणाऱ्या माशांचं एक कुळ) जोडी आहे. मादीने गुहा म्हणून ठेवलेल्या मातीच्या कुंडीत अंडी घातली आणि तेव्हापासून ती नराला जवळ फिरकू देत नाही. जोडी फिसकटली का, नर काढावा का, आणि आणखी एक मादी आणली तर मारामारी वाटली जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी नराकडे बघा. तो पाण्याच्या वरच्या थरात, हीटरच्या किंवा फिल्टरच्या नळीमागे पर मिटून उभा असेल, कल्ले भराभर हलत असतील, खाणं टाकलं तरी पुढे येत नसेल, तर हे उत्तर नंतर वाचा. त्याला आत्ताच दुसऱ्या टाकीत हलवा. त्याच टाकीतलं पाणी घ्या, चालू असलेला स्पंज फिल्टर लावा आणि वर झाकण ठेवा, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. मादीला मात्र हलवू नका. अंड्यांवर बसलेली मादी हलवली की ती अंडी बहुधा गेलीच. नराची फाटलेली शेपटी स्वच्छ पाण्यात भरून येते. पण सतत दबून राहिलेला, उपाशी मासा फार दिवस तग धरत नाही, आणि बहुतेक लोक हे ओळखायला उशीर करतात, कारण त्यांचं सगळं लक्ष मारणाऱ्या माशाकडे असतं. माझा नियम असा आहे की निर्णय मार खाणाऱ्या माशाकडे बघून घ्यायचा.

आता जोडीबद्दल. ती फिसकटलेली नाही, तुमची मादी उत्तम आई आहे. या जातीत एका नराच्या मोठ्या हद्दीत अनेक माद्यांच्या छोट्या हद्दी असतात. अंडी आणि पिल्लं सांभाळायचं काम जवळजवळ सगळं मादीचं. नर बाहेरची सीमा राखतो आणि पुढच्या मादीकडे जातो. अंडी घातल्यावर मादी पिवळीजर्द होते, अंगावरच्या काळ्या खुणा ठळक होतात, आणि त्या रंगाचा अर्थ आजूबाजूच्या प्रत्येक माशासाठी एकच असतो: लांब राहा. नदीत नर दोन हात लांब जातो आणि विषय संपतो. तुमच्या टाकीत तो कितीही पळाला तरी तिच्या नजरेसमोरच असतो. जेमतेम ५ सेंटिमीटरची मादी ८ सेंटिमीटरच्या नराला कोपऱ्यात डांबते ती यामुळेच. म्हणून तिचा स्वभाव मवाळ करायच्या मागे लागू नका. तोच आक्रमकपणा पिल्लं जगवतो. आपल्याला फक्त त्याला जागा आणि दिशा द्यायची असते.

प्रत्येक धावून जाणं म्हणजे मारामारी नव्हे, हेही लक्षात ठेवा. पर ताणून शेजारी शेजारी उभं राहणं, शेपटीने पाण्याचा झोत समोरच्यावर फेकणं, गळा फुगवणं ही बोलाचाली आहे. मादी एक झेप घेते, नर वळून निघून जातो, ती कुंडीकडे परतते, इतपत असेल तर सगळं ठीक आहे. काळजी कधी करायची? मादी अंडी सोडून टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत त्याचा पाठलाग करते, तो पळाल्यावरही थांबत नाही आणि लपलेल्या जागेतून त्याला उकरून काढते, तेव्हा.

टाकीत काय बदलता येईल? सिक्लिडसाठी उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. ६० बाय ३० सेंटिमीटरचा तळ एका जोडीला पुरतो, पण फक्त नजर अडली तर. तुमच्या वर्णनावरून मध्ये मोकळी वाळू आणि मागे झाडं अशी मांडणी दिसते. म्हणजे मादी कुंडीच्या तोंडाशी उभी राहिली की तिला अख्खी टाकी दिसते. टाकीच्या मधोमध आडवं लाकूड, त्याला बांधलेलं मॉस, तळावर बदामाची सुकी पानं आणि वर तरंगणाऱ्या झाडांची लोंबती मुळं हवीत. वाळूच्या पातळीला डोळा लावून एका टोकातून दुसऱ्या टोकाकडे बघा. सरळ आरपार दिसत असेल तर अजून आडोसे हवेत. हे काम अंडी असताना तिच्या कुंडीपासून लांबच्या अर्ध्या भागातच करा.

गुहा माद्यांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवा आणि त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना करा. नारळाची करवंटी किंवा मातीची छोटी कुंडी चांगली चालते. तोंड इतकंच मोठं असावं की मादी आत जाईल, नर जाणार नाही. ही छोटी गोष्ट फार उपयोगी आहे, कारण नर आत डोकं घालू शकत नाही म्हटल्यावर मादीला त्याला लांबवर हाकलत बसायची गरज कमी पडते.

तापमान २८ अंशांच्या वर असेल तर हळूहळू २५-२६ पर्यंत आणा. गरम पाण्यात सगळंच तापतं: भूक, अंडी घालण्याचा वेग आणि भांडणं. शिवाय अपिस्टोग्रामात पिल्लं नर होणार की मादी, यावर सुरुवातीच्या आठवड्यांतल्या तापमानाचा परिणाम होतो. गरम पाण्यात नर जास्त निघतात, आणि नरांनी भरलेली बॅच म्हणजे पुढच्या मारामाऱ्यांची तयारीच.

सोबतीचे मासे हा तुमच्या प्रश्नात न आलेला, पण महत्त्वाचा मुद्दा. पूर्ण रिकाम्या टाकीत जोडीला हाकलायला कोणी नसतं, मग ती एकमेकांवर उलटते. वरच्या थरात राहणारे पाचसहा पेन्सिल फिश असले तर दोघांना राखायला एक सामायिक धोका मिळतो. शिवाय वर मासे निवांत फिरताना दिसले की खालचे सिक्लिडही बिनधास्त होतात. कोरिडोरास (थोडक्यात कोरी, तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) मात्र या टाकीत नकोत, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. कोरीला सिक्लिडची हद्द कळत नाही. मादीने कितीही टोचलं तरी तो खाणं हुंगत पुन्हा तिथेच येतो, आणि त्यात त्याचे डोळे जातात. रात्री मात्र तोच अंधाराचा फायदा घेऊन अंडी फस्त करतो. प्लेकोही (काचेला तोंडाने चिकटणारे कॅटफिश) गुहा बळकावतात, तेही नकोत.

एक इशारा: हा सल्ला सगळ्या बुटक्या सिक्लिडना सरसकट लावू नका. रॅम उघड्यावर, सपाट दगडावर किंवा पानावर अंडी घालतात आणि नर-मादी मिळून राखतात. तिथे एकाला काढलं तर उरलेला बऱ्याचदा अंडी खाऊन मोकळा होतो. क्रिबेन्सिस गुहेत घालतात, मादी आत आणि नर बाहेर अशी वाटणी असते आणि पिल्लं दोघं फिरवतात. त्यांची झेप जोडीदारापेक्षा टाकीतल्या इतरांना जास्त महागात पडते, म्हणून तिथे बाकीचे मासे काढायचे आणि जोडी ठेवायची. अपिस्टोग्रामाची मादी मात्र एकटीच पिल्लं व्यवस्थित वाढवते. तुमच्या बाबतीत नर काढल्याने काहीच बिघडणार नाही.

पुढचे काही दिवस असे जातील. लालसर अंडी गुहेच्या छताला चिकटलेली असतात, ती साधारण तीन दिवसांत फुटतात, आणि आठवडाभराने पिल्लं पोहायला लागतात. त्या दिवशी मादीला जरूर बघा. ती पिल्लांच्या थव्यासमोर थांबून अंगाला झटका देते, पोटाखालचे पर पटकन उघडून मिटते, आणि सगळी पिल्लं एकदम तळाला बसून पानांच्या रंगात मिसळून जातात. तिच्या दुसऱ्या इशाऱ्याला पुन्हा उठतात. अंड्यातून ताजा फुटलेला आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून दोनतीनदा थोडाथोडा द्या, पाणी थोडं आणि वरचेवर बदला. पहिल्या खेपेला मादीने सगळं खाल्लं तर वाईट वाटून घेऊ नका. तरुण माद्यांचं असं होतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या सावरतात.

नराला परत आणायची घाई नको. मादीचा पिवळा रंग उतरला, पिल्लांमागे धावणं कमी झालं की समजा वेळ जवळ आली. आधी त्याला प्लास्टिकच्या जाळीपलीकडे काही दिवस ठेवा. ती जाळीवर आदळत राहिली तर अजून थांबा. जाळीजवळ येऊन अंग वाकवून, फुगलेलं पोट दाखवत त्याच्यासमोर थरथरली तर तिला तो हवा आहे. मग लाकडं-दगड जरा इकडेतिकडे सरकवून, दिवे मंद करून सोडा. जागा बदलली की जुन्या हद्दीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो आणि त्या गडबडीत नराला चार क्षण मोकळे मिळतात.

दुसरी मादी या टाकीत आणू नका. एका नराला दोनतीन माद्या हे गणित बरोबर आहे, पण त्याला किमान ९० सेंटिमीटर ते एक मीटर लांबीचा तळ लागतो आणि प्रत्येक मादीची गुहा वेगळ्या कोपऱ्यात, दुसरीच्या नजरेआड लागते. ६० सेंटिमीटरमध्ये पिल्लंवाली मादी दुसरीला मारून टाकेल. मोठ्या टाकीसाठी पुढे कधी माद्या घेतलात तर त्या खरंच माद्या आहेत ना, हे नीट बघा. दबून राहणारे तरुण नर मादीसारखा रंग आणि आखूड पर घेऊन वावरतात, विकणारेही फसतात. पिवळा रंग धरून गुहा पकडणारी ती मादी. नुसती लहान आणि फिकी दिसते म्हणून मादी समजू नका.

पिल्लं दीडदोन सेंटिमीटरची झाली की ती वेगळ्या टाकीत काढा. तोपर्यंत आईला पुढच्या अंड्यांचे वेध लागलेले असतात, आणि मग ती स्वतःच्याच आधीच्या पिल्लांना हाकलायला लागते. त्यांच्यातले नर काही महिन्यांत पर ताणून एकमेकांसमोर उभे राहायला लागतील. तेव्हा एकाच टाकीत फक्त दोन नर ठेवू नका, त्यात दुबळ्याचा जीव जातो. मोठ्या घोळक्यात वाढवा, आणि वरचढ ठरणारा नर सगळ्यात आधी बाजूला काढा.