मुलगा शाळेत मारामारी करतो, घरी कोणती शिक्षा करावी?

साडेपाच वर्षांचा मुलगा वर्गात मारतो, ढकलतो, डायरीत रोज लाल शेरा येतो, तर घरी आल्यावर कोणती शिक्षा लागू पडेल, असं तुम्ही विचारलंय. कोणतीही नाही. सकाळी दहाला घडलेल्या गोष्टीची शिक्षा संध्याकाळी सहाला दिली, तर एवढ्याशा मुलाला त्या दोन गोष्टींची सांगड नीट घालता येत नाही. त्याला इतकंच कळतं की घरी गेलं की आई चिडते. हे मी चार महिने करून पाहिलंय आणि त्याची मला अजून लाज वाटते.

माझा मुलगा तेव्हा मोठ्या शिशुवर्गात होता. पहिला शेरा आला, 'आज शेजारच्या मुलाला मारले, समज द्यावी.' समज दिली. आठवड्याभरात दुसरा, मग तिसरा. मी टीव्ही बंद केला. मग सायकलला कुलूप लावलं, खाली खेळायला जाणं बंद केलं. शेवटी रात्रीची गोष्ट बंद केली. हे सगळ्यात जास्त बोचतं, कारण दिवसभरात आम्ही दोघं शांतपणे एकमेकांजवळ असायचो ती तेवढीच वीस मिनिटं होती. एकदा मी त्याला मारलंही. मारू नये हे शिकवण्यासाठी मारलं!

यात भर माझ्या नणंदबाईंची. त्या बावीस वर्षं शिक्षिका. घरात सगळे जमलेले असताना, मुलाच्या देखत म्हणाल्या, "एकुलता एक म्हणून डोक्यावर चढवून ठेवलाय. वेळच्या वेळी दोन फटके पडले असते तर ही पाळी आली नसती." नवरा खाली मान घालून बसला. मीही काही बोलले नाही. त्यांच्या गाठीला बावीस वर्षांचा अनुभव होता आणि माझ्याकडे एक मूल, तेही ऐकत नसलेलं.

मग एक दिवस दप्तरात डायरीच नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. शोधाशोध केली तर कपाटामागे सापडली. शेऱ्याचं पान त्याने खोडरबरने इतकं घासलं होतं की मधोमध भोक पडलं होतं आणि भोकाच्या कडेला लाल शाई पसरली होती. शाई खोडरबरने जात नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. चार महिन्यांच्या शिक्षांतून माझं मूल लपवाछपवी तेवढी शिकलं होतं.

डोळे उघडले ते वर्गातल्या मदतनीस मावशींमुळे. फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तो उगाच नाही मारत हो. त्याचं काम कोणी ओढून घेतलं की मारतो." चार महिन्यांत 'तो मारतो' हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. कधी मारतो, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

त्या दिवसापासून वही घातली. रोज न्यायला गेले की बाईंना किंवा मावशींना तीनच गोष्टी विचारायच्या: मारण्याच्या अगदी आधी काय चाललं होतं, याने नेमकं काय केलं, आणि लगेच नंतर काय झालं. मुलांच्या वर्तनावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ नोंद अशीच ठेवतात, हे मला नंतर कळलं. तीन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा एकाच वेळच्या होत्या, कातरकामाची घंटा झाली आणि बाई 'आवरा आता' म्हणाल्या तेव्हाच्या. हा कागद कापतो अगदी सावकाश, रेघेवरून कात्री हलू देत नाही. घंटा होते, याचं अर्धं राहिलेलं असतं, शेजारचा कात्री ओढतो आणि हा हाणतो.

तिसरा रकाना वाचून तर मी सुन्न झाले. मारलं की शिक्षा म्हणून याला कोपऱ्यात बसवत आणि हातातला कागद त्याच्यासोबत जाई. म्हणजे मारलं की काम निवांत पुरं करायला मिळे! बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलंय की एखाद्या कृतीनंतर हवं ते मिळालं की ती कृती वाढते. मोठी माणसं त्याला शिक्षा म्हणोत नाहीतर बक्षीस, फरक पडत नाही.

वही घेऊन बाईंकडे गेले. आधी त्यांनी आढेवेढे घेतले, एकट्यासाठी वेगळं कसं करणार म्हणाल्या, पण शेवटी तयार झाल्या. घंटेच्या पाच मिनिटं आधी याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचं. अर्धवट काम ठेवायला त्याच्या नावाचा खोका, दुसऱ्या दिवशी तेच काम पुढे करायचं. मारलंच तर आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे बघायचं, आणि याला बाजूला बसवलं तरी हातात कागद द्यायचा नाही. आणि कात्री त्याने आपणहून ठेवली तर नुसतं 'शहाणा' म्हणायचं नाही, 'घंटा झाल्यावर कात्री ठेवलीस, छान केलंस' असं नेमकं सांगायचं.

पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट गेला, हे मुद्दाम सांगते. आजवर ज्याने काम साधत होतं ते साधेनासं झालं की मूल कधीकधी तेच आधी आणखी जोराने करून बघतं. बहुतेक आईबाप नेमके इथे कच खातात, आणि मूल शिकतं की आणखी जोर लावला की जमतं. आम्ही रेटलं. पुढच्या सहामाहीत तीन शेरे आले, तीनच.

घरी मी एकच गोष्ट केली, तीही शिक्षा नव्हे, तालीम. मी शेजारचा मुलगा व्हायचे, कात्री ओढायचे, आणि त्याने म्हणायचं, "थांब, माझं झालं नाही." पहिल्यांदा हे वाक्य त्याच्या ओठांतून बाहेरच पडेना. मूठ आधी वळायची. आठवड्याभराने मोठ्याने म्हणाला. बास, मग विषय संपला, आणि रात्रीची गोष्ट काही झालं तरी होणारच.

फटक्यांबद्दल माझं मत आता पक्कं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०१८ साली आईबापांना स्पष्ट सांगितलं की मारणं, ओरडणं, अपमान करणं यातलं काहीही शिस्तीसाठी वापरू नका, त्याने मुलांचं आक्रमक वागणं पुढे वाढतं. नणंदबाईंचा वर्ग शांत असतो, हे मी नाकारत नाही. पण मूल गप्प बसलंय म्हणजे त्याला राग आवरायला आलाय, हे मला मान्य नाही.

आता राहिलेलं. माझ्याकडे कारण कात्रीचं निघालं, तुमच्याकडे वेगळं असेल. कान तपासून घ्या. या वयात पडद्यामागे पाणी साठणं फार सर्रास असतं, दुखेलच असं नाही, पण ऐकू कमी येतं आणि मूल 'ऐकत नाही' ठरतं. झोप बघा, पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला १० ते १३ तास लागतात, सहापासून पुढे ९ ते १२. वागणं अचानक बदललं असेल तर त्याला कोणी त्रास देतंय का, हे आधी शोधा. आणि घरी, शाळेत, मैदानावर सगळीकडे सहा महिन्यांहून जास्त हेच चाललं असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. कोणी सहज 'हायपर आहे' म्हटलं म्हणून तो शिक्का मात्र लावून घेऊ नका. ज्या मुलाला लागलं त्याच्या आईला जाऊन भेटा. मी फार उशिरा गेले.

ती वही मी नणंदबाईंना दाखवली होती. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "एवढा वेळ कोणाकडे असतो गं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आज देते. ताई, रोज संध्याकाळी तासभर ओरडायला माझ्याकडे वेळ होता. वही लिहायला दहा मिनिटं लागायची.