बायबल वाचण्याआधी प्रार्थना करूनही अर्थ कळत नसेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री प्रार्थना करून बायबल उघडता, उत्पत्तीपासून सुरुवात केलीत, लेवीय ह्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचलात आणि आता डोक्यात काहीच शिरत नाही. तेव्हा तुमची प्रार्थना कमी पडते का, असा प्रश्न आहे.

प्रार्थनेला कशाला दोष देता? लेवीयने भल्याभल्यांना अडवलंय. ते 27 अध्याय मी स्वतः तिसऱ्या खेपेला पार केले, तेही मधली पानं चाळत.

वाचताना समज मागायला बायबलच शिकवतं. 119वं स्तोत्र सगळ्यात लांब, 176 ओव्यांचं. त्याच्या 18व्या ओवीत कवी म्हणतो, माझे डोळे उघड. पण हाच माणूस पुढे सांगतो की वचनाचं मनन करायला मी रात्रीचे प्रहर जागतो. म्हणजे मागतोही आणि राबतोही. मी बरीच वर्षं नुसतीच मागत होते.

आमच्याकडे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी काढतात. नोकरीच्या मुलाखती चालू होत्या त्या वर्षी मला यिर्मया 29:11 आलं. तुमच्याविषयी माझे विचार हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते. मी प्रार्थना केली, मन शांत झालं आणि मी ठरवून टाकलं की नोकरी पक्की. नोकरी मिळाली नाही. देवावर रुसून दोन महिने बायबल कपाटात ठेवलं.

मग कधीतरी तो अख्खा अध्याय वाचला. ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, असं त्यात आहे, कारण इतक्यात परत यायचं नाही. अकराव्या ओवीच्या अगदी वरच्या ओवीत 70 वर्षांचा आकडा आहे! ती ओवी काही चिठ्ठीवर छापत नाहीत. पत्र ऐकणाऱ्यांतली बरीच मोठी माणसं बाबेलातच मरणार होती. मला शांत वाटलं होतं हे खरं, पण त्या शांततेला मी अर्थ समजून बसले होते.

ह्याच 70 वर्षांवरून दानीएल अडला होता, तोही बाबेलला नेलेल्यांपैकीच. दानीएलाचा नववा अध्याय तुम्ही एकदा वाचाच. तो आधी यिर्मयाचं लिखाण वाचतो, आकडा त्याला तिथूनच कळतो. मग उपास, गोणपाट, राख आणि लांबलचक प्रार्थना. तीत 'मला अर्थ सांग' असं कुठेच नाही. आम्ही चुकलो, आम्ही ऐकलं नाही, दया कर, एवढंच पुन्हा पुन्हा. संध्याकाळच्या बलिदानाच्या वेळी गब्रीएल येऊन म्हणतो, तुला समज द्यायला आलोय. आणि तो जे सांगतो, ते सत्तर सप्तकांचं, म्हणजे सत्तर वेळा सातांच्या काळाचं, त्यावर पंडितांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. देवदूताने येऊन समजावलेला भाग असा, तर तुमच्याआमच्या लेवीयचं काय घेऊन बसलात!

कधी कधी उत्तर माणसाच्या रूपाने येतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात हबशी राणीचा खजिनदार रथात यशया वाचत असतो. फिलिप्प विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो सरळ म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल? मला हा माणूस फार आवडतो. एवढा मोठा अधिकारी, पण विचारायला लाजला नाही. पाळकांना, मंडळीतल्या जुन्या बायकांना विचारा. केडगावच्या मुक्ती मिशनमधलं 1905 ची प्रार्थनेची जागृती प्रसिद्ध आहे. पण ते मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल करायला हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 साली वारल्या तोवर त्या कामाला जुंपून होत्या.

आता माझा एक अनुभव. मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा दाखला मला पटायचा नाही. सकाळपासून उन्हात राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला सारखीच मजुरी, हा कुठला न्याय? आम्ही नाशिककडचे, द्राक्षांच्या हंगामात मजुरीचा हिशेब घरात रोज ऐकलेला. मी 'मला हे कळत नाही' एवढंच देवाला सांगायचे आणि पुढे जायचे. एकदा अकराच्या सुमाराला मजूरनाक्यावरून जात होते. सकाळची गर्दी पांगली होती, पाच-सहाजण तेवढे उरले होते. एक म्हातारा डबा पायाशी ठेवून उभा होता, डबा बांधलेलाच. गाडी हळू झाली की मान वर करायचा. आणि मला सातवी ओवी आठवली: आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. आळशी समजत होते त्यांना मी. दिवसभर उभं राहणं हेही ऊनच होतं, आणि घरी खाणारी तोंडं तेवढीच. तेव्हा मी काही प्रार्थनेला बसले नव्हते, भाजी आणायला निघाले होते.

तर आजपासून लेवीय बाजूला ठेवा, बिनधास्त. मार्क घ्या, 16च अध्याय आहेत. एका वेळी एक पूर्ण अध्याय, मोठ्याने वाचा. आधी दोन वाक्यांची प्रार्थना पुरे. जिथे अडाल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा आणि नंतरच्या प्रार्थनेत तोच प्रश्न, त्याच शब्दांत, देवापुढे ठेवा. राग आला असेल तर रागासकट. डोळे मिटून पान उघडून बोट ठेवायचा प्रकार मात्र करू नका. माझ्या बायबलातली बरीच प्रश्नचिन्हं खोडली गेलीत. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाशेजारी तीन आहेत, ती तशीच आहेत.