एजंटकडे पाठवण्याआधी

प्रिय पोरी,

मुलांसाठीची तुझी कादंबरी वाचली आणि सोबतच्या पत्राचा मसुदाही. लंडन-न्यूयॉर्कच्या एजंटांची, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणाऱ्यांची, यादी मेहनतीने काढली आहेस, पण इतक्यात कुणाला काही पाठवू नकोस. मराठीत आपण हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे नेतो. तिकडचे बहुतेक मोठे प्रकाशक एजंटाशिवाय आलेलं काही वाचायलाच घेत नाहीत, त्यामुळे तुझा पहिला परका वाचक एजंटच.

पत्रातलं ‘८ ते ८० वयाच्या सर्वांसाठी’ हे वाक्य आधी खोड. तिकडे मुलांची पुस्तकं वयाप्रमाणे वेगळी ठेवतात: साधारण ८ ते १२ म्हणजे मिडल ग्रेड, त्यापुढे यंग अडल्ट. हे हस्तलिखित कोणत्या संपादकाला दाखवायचं, याचा हिशेब एजंट वाचतानाच करत असतो. तुझी नायिका १२ वर्षांची, म्हणजे मिडल ग्रेड. मुलांना आपल्याहून जरा मोठ्या मुलांचं वाचायला आवडतं. पण तुझे शब्द ९२,०००! या गटातली वास्तववादी कादंबरी साधारण ३० ते ५० हजारांत आटपते. अद्भुतरम्य असेल तर थोडी ढील मिळते, पण तुझी तशी नाही. एवढा आकडा पाहिला की या वयासाठीची अलीकडची पुस्तकं तू वाचलेली नाहीस, असं एजंट धरून चालतो. (वाचली आहेस का? खरं सांग.)

हे सगळं कात्रीने सुटेल. खरी अडचण पहिल्या पानावर आहे. तुझी नायिका मालवणच्या आजोळी पडवीत उभी राहते आणि मनात म्हणते, ‘हे दिवस पुन्हा यायचे नाहीत.’ बारा वर्षांची मुलगी असं कधी म्हणेल? तिला मोबाइलला रेंज नसल्याचा वैताग असेल, मावसभावाने झोपाळा बळकावल्याचा राग असेल. पडवीची हुरहूर तुला आहे, कारण तू ती मागे सोडून आलीस. तिची सुट्टी तर आज सकाळी सुरू झाली आहे.

एजंट सारखे ‘व्हॉइस’, म्हणजे पात्राचा स्वतःचा आवाज, हवा म्हणतात तो हाच. त्यावर खूप गूढ बोललं जातं. मी संपादन करताना एवढंच बघते, की डोळे किती उंचीवर आहेत. या मुलीला काय दिसतं, काय दिसतच नाही, कोणती क्षुल्लक गोष्ट तिला जीवन-मरणाची वाटते? पोरांची आजची बोली कोंबून हे साधत नाही. करार झाल्यावरही पुस्तक दुकानात यायला दीड-दोन वर्षं सहज जातात, तोवर ती बोली शिळी होते. यंग अडल्टमध्येही हेच. तिथे मृत्यू, हिंसा, शरीर, सगळे विषय चालतात. चालत नाही ती ‘तेव्हा मला कळलं नव्हतं’ म्हणत मागे वळून पाहणारी प्रौढ नजर.

दुसरं, तुझा मामा. सतराव्या प्रकरणात तो तहसीलदाराला फोन करतो आणि विहिरीचा प्रश्न मिटतो. मग नायिका सोळा प्रकरणं कशासाठी धडपडली? मोठी माणसं असू देत, चुकू देत, आड येऊ देत, पण शेवटची उडी तिचीच हवी. आणि आजीचं ते भाषण! मुलांच्या पुस्तकात संस्कार हवेतच, ही आपल्या घराघरातली अपेक्षा तुझ्याही हाडात मुरली आहे. ते पान काढून बघ, काही बिघडत नाही.

तिसरं, तू आत्या, घावणे, खळं यातलं प्रत्येक समजावून सांगतेस. अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलं, की पुस्तकं मुलांसाठी स्वतःला पाहायचे आरसेही असतात आणि दुसऱ्यांचं जग पाहायच्या खिडक्याही. आज कितीतरी एजंट पुस्तकांत फारसे न दिसलेल्या समाजांतल्या गोष्टी उघडपणे मागतात. पण तू घावण्यांचं वर्णन पर्यटकाला सांगितल्यासारखं केलंस, तर मालवणची मुलगी त्या आरशात दिसणार नाही. ती खाते, तू फक्त खाऊ दे.

आता पाठवणीचं. ब्रिटनमध्ये बहुधा पत्र, सारांश आणि पहिली तीन प्रकरणं मागतात. अमेरिकेत एक पानी पत्र आणि सुरुवातीची पाच-दहा पानं. प्रत्येकाच्या वेबसाइटवरचा नियम वेगळा असतो, तो अक्षरशः पाळ. सारांशात शेवट लपवायचा नाही. पत्रात तुलनेसाठी तुझ्या पुस्तकासारखी, गेल्या तीन-चार वर्षांतली दोन पुस्तकं सांग, जगप्रसिद्ध नकोत.

चित्रपुस्तकाचा मजकूर मात्र यात जोडू नकोस. त्यासाठी बहिणीकडून चित्रंही काढून घेऊ नकोस. चित्रकार प्रकाशक निवडतो. ३२ पानांच्या त्या पुस्तकाला पाचेकशे शब्द पुरतात. शिवाय तू ते यमकात लिहिलं आहेस. रंगीत छपाईचा खर्च परभाषांतल्या आवृत्त्यांवर भरून निघतो आणि यमक नेमकं भाषांतरात अडतं.

पैशांचं थोडक्यात: एजंट तुझ्या कमाईतून साधारण १५ टक्के घेतो, परदेशी हक्कांवर बहुधा २०. आधी काही नाही. वाचण्याचे पैसे मागणाऱ्याला उत्तरही देऊ नकोस. एका वेळी सहा-सात जणांना पाठव. बरेच जण नकारही कळवत नाहीत, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

पहिलं प्रकरण आणि सतरावं, एवढी दोन पुन्हा लिहून मला पाठव. सारांशाचं त्यानंतर बघू.

तुझी,
मावशी