‘द ग्लिम्प्सेस ऑफ द मून’ अर्ध्यावर का ढेपाळते?

‘द हाउस ऑफ मर्थ’ आवडली म्हणून अमेरिकन लेखिका एडिथ व्हार्टनचीच ‘द ग्लिम्प्सेस ऑफ द मून’ (१९२२) घेतलीत आणि हिरमोड झाला. समजून घेण्यात तुमचं काही चुकलं का, असं विचारलंय. नाही, कादंबरीच फसलीय.

सुरुवात मात्र फर्मास आहे. सूझी आणि निक न्यूयॉर्कच्या श्रीमंतांत ऊठबस असलेले, पण खिशाने रिकामे. लग्नात आलेले चेक आणि मित्रांची घरं यांवर वर्षभर काढायचं, आणि कुणाला याहून बरं स्थळ मिळालं तर दुसऱ्याने आडवं यायचं नाही, असं ठरवूनच लग्न करतात. इटलीतल्या कोमो सरोवराकाठचं मित्र स्ट्रेफर्डचं घर सोडताना सूझी त्याचे सिगार सामानात भरते. निक ते परत काढायला लावतो. घर वापरलेलं त्याला चालतं, सिगार नेलेले चालत नाहीत. दोघांची लाजेची रेघ वेगवेगळ्या जागी आहे, हे त्या एका उघड्या ट्रंकेत दिसतं. पुढे व्हेनिसला मैत्रीण एली वँडरलिनच्या महालात राहायचं तर तिची चार पत्रं, आठवड्याला एक, तिच्या नवऱ्याच्या नावे टाकायची. बाई व्हेनिसमध्येच आहे असं त्याला वाटलं पाहिजे. सूझी टाकते. हे त्या घराचं खरं भाडं.

निकला हे कळतं, तो निघून जातो, आणि कादंबरी तिथेच बसते. त्याने याच सोयीवर चैन केलेली, तरी सगळा दोष सूझीच्या पदरात, आणि लेखिकाही बहुतेक त्याच्याच बाजूने. नंतरचा दुरावा टिकतो तो दोघं एकमेकांना सरळ विचारत नाहीत म्हणून. अर्ल, म्हणजे इंग्रज उमराव, असलेला नातेवाईक आणि त्याचा मुलगा अपघातात एकदम जातात आणि स्ट्रेफर्ड अर्ल होतो. सूझीला मोठं स्थळ आयतं चालून येतं. वर चढायला तिला काही मोजावंच लागत नाही.

१९०५च्या ‘हाउस ऑफ मर्थ’मध्ये हिशेब चोख आहे. नायिका लिलीला आत्याकडून १०,००० डॉलर मिळायचे, ओळखीतल्या श्रीमंत ट्रेनरचं देणं ९,०००. ते फेडलं की हातात काय उरतं, हे वाचकालाही तिच्याइतकंच कळतं, म्हणून तिने चेक लिहिला की पोटात खड्डा पडतो. ‘ग्लिम्प्सेस’मध्ये शेवटाला फुल्मर या मित्र-कुटुंबाची पाच मुलं सांभाळता सांभाळता सूझीचं मन पालटतं, निक परततो आणि पैशाचा प्रश्न बाजूलाच राहतो.

सोडून द्यायची असेल तर व्हेनिसपर्यंत तरी जरूर वाचा. मग त्याच लेखिकेची ‘द कस्टम ऑफ द कंट्री’ (१९१३) घ्या. तिथली नायिका अंडाइन प्रत्येक पायरीची किंमत वसूल करते, बहुतेकदा दुसऱ्याकडून.