फॉलिक ॲसिडच्या गोळीआधीचं परळ

प्रश्न : फॉलिक ॲसिडचा शोध मुंबईत लागला, असं वाचलं. कितपत खरं?

उत्तर : फॉलिक ॲसिड हे ब गटातलं जीवनसत्त्व. हे रसायन हाती लागलं ते अमेरिकेत, १९४१ साली, पालकाच्या पानांतून. पण असा काही घटक असला पाहिजे, हे उमगलं मुंबईत. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणीकामगार गरोदर बायकांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी आणि फुगलेल्या दिसत. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात; म्हणजे हे दुखणं निराळं होतं. विल्सबाईंनी या बायकांचं जेवण तपासलं आणि तसाच निकस आहार उंदरांना दिला. उंदरांवरच्या उवांतून पसरणाऱ्या जंतूनेही रक्त उतरतं, त्यामुळे निष्कर्षात घोळ होत होता. मग माकडं घेतली. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिल्यावर रक्त भरून आलं. बायकांनाही गुण आला. १९३१ साली हे प्रसिद्ध झालं.

त्यांची खरी बारीक नजर पुढे दिसते. साध्या यकृत-अर्काने हे रुग्ण सुधारत, शुद्ध केलेल्या अर्काने नाही. तो शुद्ध अर्क दुसऱ्या एका पंडुरोगावर मात्र चाले. म्हणजे घटक दोन. दुसरा पुढे बी-१२ जीवनसत्त्व ठरला.

प्रश्न : मग रोज पालक खाल्ला तर गोळी कशाला?

उत्तर : पालक जरूर खा, पण फोलेट, म्हणजे अन्नातलं नैसर्गिक फॉलिक ॲसिड, पाण्यात उतरतं. भाजी उकळून पाणी ओतून दिलं, की जवळजवळ निम्मं गेलं. आधी धुवा, मग चिरा, आणि वाफेवर शिजवा. गोळीचं कारण वेगळं आहे : बाळाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो) गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते, अनेकींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून मूल हवं असं ठरलं की किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, तिसरा महिना संपेपर्यंत. दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. ती साडेबारा पट आहे. आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष असेल तर मोठी मात्रा लागते, ती डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : आईंचं रक्त कमी आहे, वय ६८, शुद्ध शाकाहारी. हीच गोळी चालेल?

उत्तर : आधी बी-१२ तपासा. ते कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन वाढतं, पण नसांची हानी आतून चालूच राहते. तळपायाला मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर तपासणी लांबवू नका.