व्यायलेल्या गाईला मक्याचा भरडा वाढवावा की बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरघळणारी चरबी) द्यावं? पचनावर परिणाम होतो का?

होतो. आमच्या चांदी गाईचा पाय त्यातच गेला. तिसऱ्या वेताची संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), व्यायला बारा दिवस झालेले, दोन्ही वेळचं मिळून १८ लिटर दूध. मी माहेरी गेले होते. "गाय खंगत चाललीय," म्हणून भाऊजींनी ३ किलोचा भरडा एकदम ६ किलोवर नेला. दुसऱ्या दिवशी दीड लिटर दूध वाढलं, तसा मला कौतुकानं फोनही केला. मी आले तर गव्हाण भरलेलीच, रवंथ बंद, शेण ताकासारखं पातळ, त्यात फेस आणि मक्याच्या कण्या. दूध केंद्रावर फॅट ३.८ वरून २.९. डॉक्टरांनी डाव्या कुशीत मूठ दाबली तर आत पाणी डचमळत होतं. खायचा सोडा, सलाईन, मग चार दिवस नुसता कडबा. जगली. पण दोन महिन्यांनी खुरं दुखायला लागली, ती अजून लंगडते.

भाऊजी आजही म्हणतात, ओली वैरण बाधली. नाही, भरडाच बाधला. भरडा कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, लगेच आंबतो आणि आम्ल होतं. सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६ च्या खाली उतरला की कडबा पचवणारे जिवाणू थंडावतात. दुधातलं फॅट बऱ्याच अंशी त्यांच्याच कामातून येतं, म्हणून आधी फॅट पडतं. एरवी हे आम्ल लाळ मारते, पण लाळ रवंथातून सुटते आणि रवंथ लांब वैरणीवर होतो.

बायपास फॅट बहुधा कॅल्शियमशी बांधलेलं असतं. ते कोटीपोटात विरघळत नाही, चौथ्या पोटातल्या आम्लात सुटतं. दिवसाला १०० ते २०० ग्रॅम पुरे. स्वस्त पडतं म्हणून पेंडीवर सुटं तेल ओतू नका, ते तंतूंवर बसतं आणि जिवाणूंना मारतं.

मका वाईट नाही, जिवाणूंनाही ऊर्जा लागते. फक्त दर तीन-चार दिवसांनी अर्धा किलो वाढवा, दिवसातून तीनदा विभागून, आधी वैरण घालून. घरात जो शेण काढतो त्याला विचारल्याशिवाय भरड्याचं माप बदलू नका. आमच्याकडे शेण मी काढते, आणि त्या दिवशी मला कुणी विचारलं नव्हतं.

तुमची गाय आठ-दहा लिटरचीच असेल तर मात्र बायपास फॅटवर पैसे घालू नका, वैरण सुधारा.